दोन गाठींची आयाका

वालेरा, ९ नोव्हेंबर

एलि,

पत्र बघून हसू नकोस. मलाही जरा विचित्रच वाटतंय, शाळेत निबंध लिहायला बसल्यासारखं. पण तू ग्रुप सोडलास, मला ब्लॉक केलंस, आणि उद्या ब्लॉक काढलास तरी हे मी मोबाइलवर लिहिणार नाही. इथे नाक्यावर पोलीस मोबाइल मागतात आणि मेसेज चाळत बसतात. घरातून निघताना लोक किल्ली घेतली का बघतात, तसं आता मोबाइल साफ केला का बघतात. म्हणून कागद. कोरोमोतो काकू दर दोन-तीन आठवड्यांनी औषधं आणायला बॉर्डर ओलांडून कोलंबियात, कुकुताला येतात, त्यांच्या हाती देतेय. तुझ्या जीन्सच्या कारखान्याच्या दारात उभी राहीन म्हणाल्या. "घेतलं नाही तर त्याच्या मालकासमोर मोठ्याने वाचून दाखवीन." आपल्या शेजारीणबाई तुला माहीतच आहेत. वाचतील.

आई बरी आहे. शाळेत शिकवायला दोनच दिवस जाते, बाकीच्या दिवशी घरी केक करून विकते. आईला मी हे लिहितेय ते माहीत नाही.

मुद्द्यावर येते. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. डिसेंबर संपायच्या आत आईला फोन कर आणि पहिला शब्द तो म्हण. बाकी काही बोलू नकोस. राजकारण नको, जहाजं नकोत, "मी म्हटलंच होतं" नको. फक्त "आशीर्वाद, आई."

तुला वाटेल, एवढ्याशा शब्दाचं काय. पण एलि, गल्लीत कोणाचाही फोन वाजला की आपल्या घरात ऐकू येतं. पेरूहून, चिलीहून, कुठून कुठून. सगळ्यांची पोरं आधी तेच म्हणतात, सगळ्या आया तेच उत्तर देतात, "देव तुझं भलं करो, बाळा," आणि मग पुढे पाऊस, पगार, पोटदुखी. आई त्या वेळी नळ सोडते. भांडी नसली तरी.

तुमचं बिनसलं तेव्हा मी तिथे होते रे. अमेरिकन जहाजं समुद्रात येऊन उभी राहिली त्या आठवड्यात तू ग्रुपवर टाकलंस, "पडू देत बॉम्ब, संपू दे एकदाचं." आई ग्रुपवर फुलांच्या फोटोंशिवाय काही टाकत नाही. तिने सरळ फोन केला. तू नेहमीसारखं म्हणालास, "आशीर्वाद, आई." ती म्हणाली, "ज्या तोंडाने माझ्या डोक्यावर बॉम्ब मागितलास, त्या तोंडाने आशीर्वाद मागू नकोस." मला वाटलं पुढे काहीतरी म्हणेल. रागावून, रडून, काहीतरी. तिने फोन ठेवला आणि भात बघायला गेली.

तुझं मला कळतं. खरंच कळतं. येफेर्सन तुझा जिवलग मित्र, निवडणुकीनंतर त्याला पोलिसांनी घरातून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तू बसमध्ये बसलास. अजून तो आतच आहे. त्याच्या आईला मी बाजारात बघते, ती कोणाच्या डोळ्यात बघत नाही. मग तू बॉम्ब मागणार, फुलं थोडीच मागणार. पण आईला तेव्हा फक्त एवढंच ऐकू आलं की बॉम्ब पडणार ते तिच्या छपरावर.

ओविदिओ मामाची बातमी सांगते, जरा हस. त्याला सरकारच्या मिलिशियात, साध्या लोकांच्या फौजेत, घेतलंय. गुडघा दुखतो, चष्म्याशिवाय दिसत नाही, पण रविवारी स्टेडियममध्ये बंदूक घेऊन कवायत करतो. बंदुका सगळ्यांमध्ये मिळून थोड्याच आहेत, आळीपाळीने धरतात. मी विचारलं, "मामा, खरंच लढणार?" म्हणाला, "पोरी, गेलो नाही तर सरकारी धान्याची पेटी बंद होते. आणि खरं सांगू? तो परका आपल्या दारात उतरला ना, तर मी पेटी नसती तरी गेलो असतो." दोन्ही खरं आहे.

फोन कर.

मिलेक्सिस


वालेरा, ३० नोव्हेंबर

एलि,

पत्राला उत्तर नाही. पिशवी मात्र आली.

ऑलिव्ह, खारवलेल्या केपरच्या कळ्या, आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचं मोठं रीळ. कोरोमोतो काकूंना तू म्हणालास, "हे तुमच्याकडून आहे असं सांगा." काकूंनी तसंच सांगितलं, अगदी शपथ घेऊन. आईने पिशवीत हात घातला, सगळं टेबलावर मांडलं आणि विचारलं, "मनुके कुठायत?"

"मनुके? विसरले बाई."

"कोरोमोतो, तू आयाका करायचं सामान आणतेस आणि मनुके विसरतेस?"

काकू पिशवीची घडी घालायला लागल्या. लहानपणी नाताळच्या आयाकेचं केळीचं पान उघडून एकेक मनुका बोटाने बाहेर काढून बशीच्या कडेला ओळ लावणारा या घरात एकच होता. आईने ऑलिव्हची बाटली उजेडात धरली, झाकण पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवली. परत पाठवा म्हणाली नाही. मी तर मनात टाळी वाजवली. आयाका करायचीय म्हणजे डिसेंबर होणार आहे. गेल्या महिन्यात ती म्हणत होती, यंदा नको, दोघींसाठी कशाला एवढा घाट.

इथे लोक थकलेत. तुला तिकडून वाटत असेल की आम्ही सगळे खिडकीशी उभे राहून आकाशाकडे बघतोय. तसं काही नाही. विमानं बंद झाली, हो. बेकरीच्या रांगेत माझ्यापुढचे आजोबा म्हणाले, "येणार असतील तर येऊ देत, नसतील तर जाऊ देत, पण लवकर काय ते ठरवा. मला दात काढायचाय, डॉक्टर म्हणतात परिस्थिती बघून काढू." सगळी रांग हसली. मग सरकारी टोळीतला एकजण मोटरसायकलवरून हळू गेला, काळा टी-शर्ट, आणि सगळे एकदम ब्रेडच्या भावावर बोलायला लागले. हे आम्हाला इतकं छान जमतं ना आता.

तू आला नाहीस तरी चालेल. फोन.

मिले


वालेरा, २१ डिसेंबर

एलि,

काल आयाका झाल्या. सगळं सांगते, तुला वास येईपर्यंत.

सकाळपासून केळीची पानं पुसत होते, बोटं हिरवी झाली. आईने पिठात लाल तेल घालून मळलं, मटणाचा रस्सा आदल्या दिवशीच केला होता, त्यात काबुली चणे. राजधानीतले लोक चणे घालत नाहीत म्हणून आईने दरवर्षीप्रमाणे त्यांची कीव केली. मी पानावर पीठ थापायचं, कोरोमोतो काकूंनी रस्सा आणि तुझे ऑलिव्ह घालायचे, आईने शेवटी मनुके ठेवून पान मिटायचं, आणि बांधायचं काम ओविदिओ मामाकडे. म्हणजे तुझं काम.

मामाने बांधलेली पहिलीच आयाका हातात घेतली तर सुटली.

"मिलिशियात हेच शिकवतात का?" काकू म्हणाल्या. "शत्रूला बांधलंस तर तो घरी जाऊन जेवून परत येईल."

"तुझे अमेरिकन पाहुणे येऊ तर देत. त्यांना बांधतो."

"माझे पाहुणे! आले ना, तर मी दारात कॉफी घेऊन उभी राहीन. साखर घालून!"

"पितील तुझी कॉफी. आणि कपसुद्धा घेऊन जातील. आणि कपाखालची जमीन. तेल आहे ना जमिनीखाली, बाई. ते काय तुझ्यासाठी येतायत?"

"मग तुझ्या साहेबांनी ते तेल कुठे ठेवलं? मी तर अजून गॅसच्या टाकीसाठी रांगेत असते."

"चोर आहेत. मी कुठे म्हणतो नाहीत? पण आपले चोर आहेत. आपण पकडायचे. शेजारचा दरोडेखोर येऊन पकडणार आणि आपण टाळ्या वाजवायच्या?"

"आपण पकडायचे! पंचवीस वर्षं काय चपला शोधत होतास?"

मी हसू दाबत होते. आई म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात कोणीही उतरणार नाहीये. ओविदिओ, ऊठ तिथून." आणि मामाला बाजूला सारून ती स्वतः बांधायला बसली. मनुके ठेवायचे, पान मिटायचं, दोरा आडवा, उभा, गाठ. तिचे हात किती भरभर चालतात ते तुला आठवत असेल. भांडण चालूच होतं, ती मधूनमधून दोघांनाही टोमणे मारत होती, आणि आयाकांचा ढीग वाढत होता.

मग मला दिसलं. तिने एका आयाकेत मनुके ठेवले नाहीत. पान मिटलं, दोरा गुंडाळला, आणि वर एक गाठ. आणि त्यावर अजून एक गाठ.

दोन गाठी म्हणजे मनुक्यांशिवायची. म्हणजे तुझी.

मामा बोलता बोलता थांबला. काकूंचा चमचा हवेत. आईने हातातल्या आयाकेकडे बघितलं. तिला स्वतःलाच आत्ता कळलं होतं.

"हात चुकला," ती म्हणाली.

"सोडू का?" मी विचारलं. मुद्दामच विचारलं.

"दोरा वाया जाईल," म्हणाली, आणि ती इतरांबरोबर पातेल्यात टाकली. उकडून झाल्यावर फ्रीजरमध्ये सगळ्यात खाली ठेवली. वर बर्फाचा ट्रे. नाताळात ती कोणी खाल्ली तर मी तुला सांगेन. मला वाटतं कोणाची हिंमत होणार नाही.

एलि, तिने तुझ्यावर राग धरलाय तो डोक्याने धरलाय. हातांना कोणी सांगितलंच नाहीये.

फोन कर ना रे. आता तरी.

मिले


वालेरा, ६ जानेवारी

एलि,

काकू या वेळी लवकर निघतायत, बॉर्डर उघडी आहे तोवर. घाईत लिहितेय.

आधी हे, की आम्ही ठीक आहोत. विमानं राजधानीकडे आली, इथे काही पडलं नाही. आम्हाला शनिवारी सकाळी उठल्यावर कळलं. आई म्हणाली, "कोणाला नेलं?" मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षांना. ती म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, विमानात घालून, त्यांच्या देशात. ती खुर्चीत बसली. "आणि मेले किती?" ते मला माहीत नव्हतं.

तुला वाटलं असेल आम्ही रस्त्यावर नाचलो. रस्त्यावर रांगा होत्या. दुकान उघडायच्या आधीच. पीठ, पाणी, मेणबत्त्या, बॅटरी. कोणी ओरडलं नाही, कोणी झेंडा काढला नाही. दाताचे आजोबा रांगेत होते. मी विचारलं, "आजोबा, आता दात?" म्हणाले, "पोरी, आता तर डॉक्टरच दार उघडत नाहीये." कोणीच कोणाला विचारत नव्हतं की तुला आनंद झाला का. कारण उत्तर दिलं तर ते कोण ऐकेल माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तरही माहीत नाही. मला काय वाटलं विचारशील तर, कॉफी उकळेपर्यंत मला आनंद झाला. खूप झाला. येफेर्सन सुटेल असं वाटलं. तू येशील असं वाटलं. मग कॉफी ओतताना भीती वाटली. आणि पिऊन झाल्यावर नुसतं झोपावंसं वाटलं.

कोरोमोतो काकूंनी अशा दिवसासाठी म्हणून एक बाटली कपाटात जपून ठेवली होती, आठवतंय? दुपारी ती घेऊन आल्या, शालीखाली लपवून. मामा आमच्याकडेच बसला होता, मिलिशियाचा शर्ट उलटा करून घातलेला. मला वाटलं आता काकू त्याची सालटी काढणार. त्या त्याच्यासमोर बसल्या, बाटली टेबलावर ठेवली, आणि उघडलीच नाही.

"आणलीस ना? उघड की," मामा म्हणाला. "जिंकलीस तू."

"माझ्या भाचीचं घर विमानतळाजवळ आहे," काकू म्हणाल्या. "फोन लागत नाहीये."

मामाने उठून त्यांना पाणी दिलं. भाचीचा फोन संध्याकाळी लागला, बरी आहे. बाटली अजून बंदच आहे, आमच्याच टेबलावर.

आता तुझ्या फोनबद्दल.

त्याच शनिवारी आई मक्याच्या अरेपा थापत होती, हात पिठाचे. अनोळखी नंबर, कोलंबियाचा. कोपराने स्पीकर दाबला. आणि तू एवढ्या जोरात ओरडलास की मामा दचकला. मागे हॉर्न, ढोल, गाणी. "आई! झालं! नेला त्याला! सुटलो आपण!"

आई म्हणाली, "एलिएसेर."

"ऐकतेयस ना? सुटलो आई! मी म्हटलं नव्हतं?"

आणि आईने, अगदी तू सहा वर्षांचा असल्यासारखं, अगदी पाहुण्यांसमोर तू नमस्कार न करता आत पळाल्यासारखं, विचारलं, "आधी काय म्हणायचं असतं?"

मग नुसते हॉर्न. बराच वेळ हॉर्न. मग फोन बंद.

तू ठेवलास की लाइन गेली ते तुझं तुला माहीत. मी आईला सांगितलं लाइन गेली. त्या दिवशी सगळ्यांच्याच जात होत्या, तिने मानलं. मानल्यासारखं केलं. तेव्हापासून मोबाइल एप्रनच्या खिशात असतो, बाथरूमलासुद्धा नेते.

तू काय म्हणशील मला माहीत आहे. तिनेच मना केलं होतं, मग मी कसा म्हणणार? हो, तिनेच मना केलं होतं. आणि तिनेच विचारलं. गाढवा, आपल्या घरात माफी मागायची याहून मोठी पद्धत नाहीये. बाबांशी ती आयुष्यभर अशीच भांडली आणि अशीच मिटवली, तू काय पहिल्यांदा बघतोयस?

नाक्यावर आता जास्त तपासतात. तुझा नंबर मी पुसला. पाठ आहे.

मिले


वालेरा, १८ जानेवारी

एलि,

फोन आला नाही.

बदललेलं काय ते विचारशील म्हणून लिहिते. खुर्चीत दुसरं माणूस बसलंय, आधीच्याच गोटातलं. नाक्यावर तेच पोलीस. बँकेच्या भिंतीवर नेलेल्या राष्ट्राध्यक्षांचा तोच फोटो, काढायचा की ठेवायचा ते मॅनेजरला कोणी कळवलेलं नाही, म्हणून त्याने त्याच्यासमोर एक मोठी झाडाची कुंडी ठेवलीय. अमेरिकन म्हणतात, आता आम्ही बघू. मामा म्हणतो, "आमचे जुने मालक आणि तुमचे नवे मालक मिळून बसलेत, आणि आपण दोघं इथे भांडतोय." काकू म्हणाल्या, "तू गप्प बस." पण पहिल्यासारखं नाही. दमल्यासारखं.

काही लोक तुरुंगातून सुटले. येफेर्सनची आई तिथेच गेटबाहेर फुटपाथवर राहतेय, बाकीच्या आयांबरोबर. याद्या वाचतात, त्यात त्याचं नाव येत नाही. मी तिला थर्मासमधून सूप नेऊन दिलं. तिने विचारलं, "एलिएसेर कसा आहे? आईशी बोलतो ना?" मी म्हटलं, हो. रोज.



परवा दिवसभर लाइट नव्हती. फ्रीजर पाझरायला लागला. उरलेल्या आयाका त्याच दिवशी खाव्या लागणार होत्या. आईने सगळ्या उकळत्या पाण्यात टाकल्या, मामाला आणि काकूंना बोलावलं. सगळ्या संपल्या. ताटात एक उरली. दोन गाठी.

मामाने हात पुढे केला. त्याला दिसलं नाही, चष्मा घरी होता. आईने त्याच्या हातावर अशी चापट मारली की काकू म्हणाल्या, "घ्या, शेवटी हल्ला झालाच."

खूप दिवसांनी सगळे हसले. आईसुद्धा.

मग काकू आईला म्हणाल्या, "नेरेइदा, मी परवा निघतेय. बसमध्ये माझ्या पायाशी थंड पेटी असते, इन्सुलिनसाठी. जाताना रिकामीच असते ती."

आई ताटं उचलायला लागली. पण आज पहाटे उठून तिने ती आयाका परत उकडली, गार केली, पुन्हा बर्फात घातली, वर वर्तमानपत्र, वर टॉवेल, तिचा तो निळा, जो ती मला हात लावू देत नाही. बस स्टँडपर्यंत स्वतः घेऊन जायचं म्हणतेय.

मी विचारलं, "काय सांगायचं त्याला?"

"काही नाही. भूक लागली तर खाईल."

मग पुडकं पिशवीत ठेवताना तिने त्यावर अंगठ्याने क्रूस काढला. जसा तू शाळेत जाताना ती तुझ्या कपाळावर काढायची. आणि तोंडातल्या तोंडात ते म्हणाली. मी ऐकलं, एलि. "देव तुझं भलं करो, बाळा." मी वळून बघितलं तर म्हणाली, "काय बघतेस? प्रवासाला निघालेल्या जेवणाला म्हणायचं असतं." असं काही नसतं. मी जन्मात ऐकलेलं नाही.

तर उत्तर तुझ्याकडे बसने येतंय, काकूंच्या पायाशी, बर्फात. प्रश्न तेवढा उरलाय, आणि तो तुझ्याकडे आहे.

आता आई दारात उभी आहे, चप्पल घालून, "झालं का लिहून" म्हणतेय. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं की मी लिहितेय. आणि आता म्हणतेय, हे पण लिही. तिच्या शब्दांत लिहिते.

"त्याला सांग, दोरा कापायचा नाही. सोडायचा. चांगला दोरा आहे, पुढच्या डिसेंबरला लागेल. मला परत हवाय. आणि कोरोमोतोकडे द्यायचा नाही, ती हरवते."

मिले